तासाचा भाव

आमच्या खाडीत घड्याळ एकच होतं,
पाद्र्याच्या घरी, आणि तेही मागं पडलेलं.
आइसलंडच्या उन्हाळ्यात रात्र नावापुरतीच.
दव असेतो गवत कापायचं,
वाळलं की ओढून आणायचं,
दमलं की आडवं व्हायचं. झालं.

मे महिन्यात करडी जहाजं आली.
लढाईशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.
देणंघेणं नंतर सुरू झालं.

ब्राण्डुर आमचा गडी.
वर्षाची मजुरी: जेवण, लोकरीचे दोन जोड,
तीन कोकरं,
निजायला जिन्याखालची फळी.
एका सकाळी त्यानं लांब दांड्याचा विळा भिंतीला टेकवला,
पातं पुसून
(पुसून ठेवलं हो त्यानं, आई पुढं कितीदा सांगायची)
आणि टेकडीपल्याड गेला, शिट्टी वाजत होती तिकडं.
शनिवारी आला तो टेबलावर नोटा मांडायला.
बाबांनी मोजल्या नाहीत.
"कशाचे?" एवढंच विचारलं.
"तासांचे," ब्राण्डुर म्हणाला.

तास हा तोवर पाद्र्याच्या तोंडचा शब्द,
अखेरचा, न्यायाचा वगैरे.
आता तो खिशात खुळखुळत होता.

त्या वर्षी निम्मं गवत उभंच कुजलं.
नऊ शेतांवरचे गडी रस्ता फोडायला गेले,
रस्ता आमच्याच अंगणाला घासून गेला,
त्यावरून डबाबंद पीच आले, रबरी बूट आले,
आणि ट्रकमधून उतरताना ब्राण्डुरनं बाबांना
पहिल्यांदा नावानं हाक मारली. एयोल्फुर.
बाबा वळले. काय करणार?
जेवताना तो खुर्चीवर बसला.
जिन्याखालच्या फळीवर आईनं बटाटे ठेवले.

स्टेनून सैनिकांचे सदरे धुवायची, नगावर.
मग एका सदऱ्याच्या मालकाबरोबर
समुद्रकाठानं हिंडताना दिसली.
गावानं तिला नावं ठेवली.
नाताळात तिची राजधानीहून मनीऑर्डर आली,
तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

इंग्लंडात मासळीला सोन्याचा भाव.
थोरल्फुरनं तीन फेऱ्यांत घर बांधायला काढलं, सिमेंटचं,
आमच्या खाडीतलं पहिलं.
चौकटी बसल्या होत्या, काचा यायच्या होत्या.
चौथ्या फेरीहून बोट आली नाही.
त्या खिडक्यांतून वारा जायचा तो आवाज
आमच्या गोठ्यापर्यंत यायचा,
आणि गाय पान्हा चोरायची.

शांतता रेडिओवर आली.
शाळेत कॉफी वाटली, पाद्रीबाबा रडले.
ब्राण्डुर मुकादमाकडं गेला:
"उद्या किती वाजता?"
मुकादमानं मनगटाकडं पाहिलं,
जणू तिथं लिहिलं असावं.

पत्र्याच्या अर्धगोल बराकी लिलावात निघाल्या.
एक बाबांनी घेतली, मेंढरांसाठी.
भिंतीवर कुणा पोरानं खडूनं दिवस मोजले होते.
चार उभ्या रेघा, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी.
शेवटच्या जुडीत दोनच.
मेंढ्यांनी त्यावर पाठी घासल्या.

विण्याच्या दिवसांत मी तिथं कंदील शोधत होते,
तेव्हा सापडलं ते पंचांग, चव्वेचाळीसचं.
मागच्या कोऱ्या पानांवर आईचं अक्षर, पेन्सिलीचं:
धार, चार तास. पाणी, दोन.
लोकर, सहा (रात्रीचे).
सासूबाईंना उलटंपालटं करणं, मोजलं नाही.
खाली ब्राण्डुरच्या दरानं गुणाकार.
हातचा एक विसरलेली. तरी आकडा
आमच्या दोन्ही गायींपेक्षा मोठा.

बाबांनी ते पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.
आईला विचारायचं धाडस मला झालं नाही.
पण त्या वसंतात संध्याकाळची धार
ते काढू लागले, कुणी न सांगता.
वाईट काढायचे. गाय लाथा झाडायची.
आई दारात उभी राहून
काहीही न करता
बघत राहायची, चांगला अर्धा तास.